भजनाचं रेकॉर्डिंग आणि माहितीपटाचा साउंड: शिकायला सुरुवात कुठून करावी?

काळी_दोन

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी वाईजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. पेटी वाजवते आणि गावातल्या महिला भजनी मंडळात असते. पेटी, पखवाज, वीणा आणि आठ-दहा टाळकरी असा आमचा संच. मंडळातल्या दोन आज्जींना ज्या चाली येतात त्या आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत, म्हणून त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. मोबाइलवर करून पाहिलं, पण ऐकवत नाही. टाळ सुरू झाले की बाकी सगळं बुडतं, आणि टाळ थांबले की मागचा पंखा एकदम मोठा होतो.

दुसरं म्हणजे माझा भाचा पुण्यात कॉलेजला आहे, तो याच आज्जींवर छोटा माहितीपट करतोय. त्याने तासाभराची सलग मुलाखत घेतली. चित्र मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, पण अर्ध्या तासाने आवाज जवळजवळ दोन सेकंद मागे पडलेला असतो.

मी दोन माईक लागतील असा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा), एक कंडेन्सर माईक आणि हेडफोन घेतलेत. लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय. यूट्यूबवर जे शिकवतात ते सगळं बीट्स आणि ड्रॉप्सचं, त्याचा मला काय उपयोग? हे शिकायचं कोणत्या क्रमाने? कोर्स करावाच लागतो का?

तिसरी_घंटा

वाचनखूण साठवली. माझेही हेच प्रश्न आहेत, त्यामुळे इथेच सतरंजी टाकून बसतो.

बूम_धरणारा

ताई, पहिल्यांदा मोबाइलचं. तो फोन तुमच्या नकळत आवाजाची पातळी सतत खाली-वर करतो. टाळ वाजला की घाबरून खाली, टाळ थांबला की घाईघाईने वर. म्हणून पंखा मोठा झाल्यासारखा वाटतो. त्यात फोनची सगळी हुशारी बोलणं स्वच्छ ऐकू यावं यासाठी असते. एकसारखी वाजत राहणारी वीणा त्याला गोंगाट वाटू शकते. तुम्ही इंटरफेस घेतलात तेव्हाच हा प्रश्न सुटला, कारण तिथे गेनचं, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा त्याचं, बटण तुमच्या हातात आहे.

आता क्रम विचारलात म्हणून सांगतो. मी चित्रीकरणाच्या जागी आवाज घेण्याचं काम करतो आणि नवीन मुलं आली की त्यांना आधी सॉफ्टवेअर उघडू देत नाही. ज्या खोलीत भजन घेणार आहात तिथे कुणी नसताना माईक लावा, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर मोठ्याने ऐका. फ्रिज, इन्व्हर्टर, शेजारचा मिक्सर, पलीकडच्या रस्त्यावरची एसटी, सगळं सापडेल. खाली एक बारीक घुंsss असेल, तो आपल्या विजेचा ५० हर्ट्झ, आणि त्याच्या पटीतले १००, १५०. लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा ऐका, बरेचदा त्यानेच अर्धा जातो.

मग टाळी वाजवा. शाळेची खोली असेल, म्हणजे स्लॅब, शहाबादी फरशी आणि कोऱ्या भिंती, तर टाळीच्या मागे पत्र्यावर खडे पडल्यासारखा तुरतुर आवाज येईल. तिथे टाळ म्हणजे शिक्षाच. जुन्या घराचं माजघर मिळालं तर सोन्याहून पिवळं: लाकडी तक्तपोशी, कोनाडे, कपाटं, कुठेही सपाट भिंत नाही. नाहीच मिळालं तर खाली सतरंज्या, आणि दोन बाजूंना दोरीवर गोधड्या. गोधडीने वरच्या पट्टीतली चिरचिर जाते. पखवाजाच्या धामाची (कणीक लावलेल्या खर्जाच्या बाजूची) घुमघुम जात नाही, त्यासाठी पखवाज कोपऱ्यातून पुढे ओढून बसवा.

सगळ्यात महत्त्वाचं बसवणं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग कलकत्त्याला गायिका गौहर जानच्या ध्वनिमुद्रिका घ्यायला आला तेव्हा मुद्रणाला माईक वापरतच नसत, विजेवरचं मुद्रण १९२५ नंतरचं. एक भोंगा, त्यापुढे जवळ गाणारी, मागे वाद्यं. कोण किती पुढे आणि कोण किती मागे, यावरच सगळा तोल. तुमच्याकडे एकच माईक आहे ना, मग तेच करायचं. माईक साधारण डोक्याच्या उंचीवर ठेवा, आज्जी त्यापासून दोन-अडीच फुटांवर, पेटी त्यांच्या बाजूला पण जरा मागे, पखवाज चार-पाच फुटांवर, आणि टाळकरी सगळ्यात मागे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो (बंद खोलीत थोडा कमी). आज्जी दोन फुटांवर आणि टाळ आठ फुटांवर म्हणजे जवळपास १२ डेसिबलचा फरक, तोही एकही बटण न फिरवता. टाळकरी बायकांना मागे बसवताना मानपान बघावा लागेल, तो भाग तुमचा.

गेन ठरवताना एक धरा. भजन संथ सुरू होतं आणि गजराला पोचेपर्यंत छप्पर उडतं. लेव्हल बघायला सुरुवात वाजवून घेऊ नका, थेट गजर वाजवून घ्या. सगळ्यात मोठा टाळ उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. शून्य ही डिजिटलमधली छताची फळी आहे, त्याच्यावर काही नाही. लाट तिथे सपाट कापली जाते, ती परत गोल होत नाही.

हायफाय_वेडा

बूमराव, सुंदर प्रतिसाद. पण ताई, एक करा, सेटिंगमध्ये जाऊन सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ९६ किलोहर्ट्झ, जमलं तर १९२ लावा. चाली जतन करायच्या आहेत म्हणताय, मग सर्वोत्तम दर्जाच हवा. ४४.१ म्हणजे सीडीचा जमाना.

गणिताचा_तास

हायफायराव, आपली ही जुनीच मारामारी, पण नवीन माणसाची दिशाभूल नको म्हणून परत एकदा लिहितो.

सेकंदाला जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं अचूक पकडता येतात. म्हणजे ४४.१ हजार नमुन्यांत २२ हजार हर्ट्झपर्यंत. निरोगी तरुण कान २० हजारापर्यंत ऐकतो, माझ्या वयाचा बराच कमी. हा विचित्र आकडा कुठून आला हेही मजेशीर आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. युरोपातली पद्धत धरली तर २९४ ओळी, ५० फील्ड, दर ओळीत ३ नमुने; अमेरिकी धरली तर २४५ ओळी, ६० फील्ड, ३ नमुने. दोन्ही गुणाकार करून बघा, ४४,१००. तोच पुढे १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत गेला. चित्राबरोबरच्या आवाजाचा प्रघात मात्र ४८ हजारांचा. ताईंचं रेकॉर्डिंग माहितीपटातही जाणार आहे, म्हणून सरळ ४८.

जास्त महत्त्वाचा आकडा दुसरा आहे, बिट, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर एका बिटला साधारण ६ डेसिबल. १६ बिटला ९६, २४ बिटला कागदावर १४४. संथ आलापापासून गजरापर्यंत जायचंय आणि वर १२ डेसिबलची मोकळी जागा सोडायची आहे, त्यामुळे २४ बिट घ्याच. ४८/२४ चा स्टिरिओ मिनिटाला १७ एमबीच्या थोडा वर, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. १९२ लावलंत तर याच्या चौपट, आणि टाळ तेवढाच बोचणार.

हायफाय_वेडा

टाळाचे वरचे हार्मोनिक्स २० हजाराच्या पुढे जातात, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

गणिताचा_तास

जातात. वाईतली वटवाघळं तुमचे आभार मानतील. (हलकेच घ्या.)

बूम_धरणारा

भांडू नका. हल्ली ३२ बिट फ्लोटचे छोटे रेकॉर्डर आलेत, त्यात लेव्हल चुकली तरी नंतर खाली ओढता येते, हे खरं आहे. पण माईकच भरून गेला असेल तर फाइल कितीही बिटची असो, फाटलेलं ते फाटलेलंच.

पडद्यामागे

मी संकलन करते. मुलाखतीच्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही म्हणून लिहिते.

आवाज आणि चित्र न जुळण्याचे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्या मिनिटाला जेवढा फरक तेवढाच शेवटच्या मिनिटाला असेल, तर ट्रॅक नुसता सरकवायचा. तुमच्याकडे फरक वाढत जातोय, म्हणजे दोन घड्याळं वेगळ्या गतीने चालताहेत.

आता किती वेगळ्या? अर्ध्या तासात 'जवळजवळ दोन सेकंद' म्हणालात. तो फरक नेमका १.८ सेकंद निघाला तर हजारात एकाची चूक. हा आकडा आमच्या ओळखीचा आहे: सेकंदाला २९.९७ फ्रेमचं चित्र कुठेतरी ३० चं म्हणून वाचलं गेलं. चित्र हजारात एकाने पुढे पळतं आणि बिचारा आवाज मागे राहतो. दोन उपकरणांच्या घड्याळातल्या क्रिस्टलमधल्या नैसर्गिक फरकाने असं झालं असतं तर सहसा तासाला काही फ्रेमच्या वर गेलं नसतं.

भाच्याला सांगा, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती मोबाइलची फाइल उघड. फ्रेम रेट 'व्हेरिएबल' लिहिलेला असेल तर आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून तिला 'कॉन्स्टंट' करून घे आणि मगच संकलनात आण. संकलनाला डाविंची रिझॉल्व्ह वापरत असेल तर टाइमलाइनचा फ्रेम रेट पहिली क्लिप आणण्याआधी ठरवायचा. नंतर ते सेटिंग हलत नाही आणि मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही आवाजासाठी फेअरलाइटचं पान आहे, शिकायला भरपूर आहे.

पुढच्या वेळी आपल्याकडच्या ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि १/५० चं शटर ठेवायचं, चित्र लुकलुकत नाही. आणि सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. शेवटची टाळी सगळे विसरतात, आणि चूक वाढतेय का हे तीच सांगते. टाळी विषयाच्या जवळ वाजवा. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेवढ्यात आवाज पावणेचौदा मीटर जातो. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून वाजवलेली टाळी मुळातच फ्रेमभर उशिरा येते.

काळी_दोन

पडद्यामागे, तुमच्या तोंडात साखर पडो! भाच्याने बघितलं. व्हेरिएबल होतं, आणि प्रोजेक्ट ३० चं. दुरुस्त केल्यावर शेवटपर्यंत जुळतंय.

पण एक नवीनच झालंय. त्याने मित्राकडून रेकॉर्डरची फाइल रूपांतरित करून आणली, ती ऐकताना मला आज्जींचा सूर चढलेला वाटतोय. त्या माझ्याच काळी दोन पट्टीत गातात. पेटीवर लावून बघितलं तर पांढरी तीनला बसत नाही आणि पांढरी चारलाही नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतोय. भाचा म्हणतो, तुला भास होतोय.

गणिताचा_तास

भास नाही, ताई, तुमचा कान पक्का आहे. ४४.१ ची फाइल ४८ ची म्हणून वाजवली की गती जवळपास ९ टक्के वाढते आणि सूर साधारण दीड अर्धस्वर चढतो. काळी दोनवरून दीड अर्धस्वर म्हणजे बरोब्बर पांढरी तीन आणि चारच्या मध्ये. तासाची मुलाखत ५५ मिनिटांच्या जरा वर भरत असेल, बघा. मित्राने दर 'बदलला' नाही, फाइलवरची चिठ्ठी नुसती बदलली. मूळ फाइल घ्या आणि ती थेट रिझॉल्व्हमध्ये टाका, योग्य रूपांतर तो स्वतः करतो.

काळी_दोन

५५ मिनिटं ७ सेकंद! भाच्याला हा धागा वाचायला दिलाय.

सुरावट_एडिसन

न्यू जर्सीहून राम राम. आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी दरवर्षी कुणीतरी टूम काढतं की पुण्याची आत्या तिथून गाईल आणि इथून आपण तबला धरू, लाइव्ह. काळी_दोनताईंनाही कुणी सुचवेल, म्हणून सांगते: होत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो आणि पुणे इथून १२ हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे नुसत्या प्रवासाला एका बाजूने ६० मिलिसेकंद, वर यंत्रांचा वेळ वेगळा. साधारण ३० च्या पुढे गेलं की ठेका धरणारा समोरच्याची वाट बघत बसतो आणि लय ढासळत जाते. एकाच शहरातल्या दोन घरांत जॅम्युलससारखी फुकट सॉफ्टवेअर छान चालतात. समुद्रापार मात्र आधी एकाने रेकॉर्ड करून पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर वाजवायचं.

घरच्या घरीही हाच त्रास लहान प्रमाणात होतो. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर बफर (लॅपटॉप एका वेळी जितके नमुने गोळा करतो तो आकडा) १२८ वर आणा, ४८ हजारांवर तो पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास पडतो. १०२४ वर २१ होतो, आणि इंटरफेसची आत-बाहेरची भर वेगळी. मिक्सिंग करताना परत वाढवा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकतो.

तिसरी_घंटा

मी सतरंजीवरून उठतो. एकांकिकांना संगीत ऑपरेट करतो, पुरुषोत्तम करंडकाला दोनदा बसलोय. नाट्यगृहातलं थोडं.

नाटकासाठी आवाज करणाऱ्यांनी तो हेडफोनवर मिक्स करून आणू नये. डाव्या कानात पाऊस आणि उजव्या कानात गाडी असा खेळ केलात तर डावीकडे बसलेल्या प्रेक्षकाला गाडी दिसतच नाही (ऐकू येत नाही या अर्थी). महत्त्वाची गोष्ट मधोमध. एमपी३ वापरू नका, फाइलच्या सुरुवातीला बारीक रिकामी जागा येते आणि थोबाडीत उशिरा बसते. डब्ल्यूएव्ही वापरा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर आईच्या मरणाच्या प्रसंगी 'तुमचे अपडेट तयार आहे' असा टिंग होतो.

मींड_बिंड

कीबोर्डवाला आहे. ताई, माहितीपटाला पार्श्वसंगीत लागेल तेव्हा भाचा म्हणेल 'लॅपटॉपमध्ये बासरी आहे, वाजवू या'. म्हणून आधीच.

मिडी ही कीबोर्ड आणि संगणक यांना जोडणारी भाषा १९८३ ची. त्यात आवाज नसतो, फक्त हुकूम असतात: अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, सोडली. पट्ट्या ० ते १२७, जोरही ० ते १२७. कीबोर्डच्या लोकांनी कीबोर्डच्या सोयीने केलेली व्यवस्था ही. मींड घ्यायची तर पिच बेंडचं चाक फिरवावं लागतं, त्याला सोळा हजारांवर पायऱ्या आहेत, त्यामुळे गुळगुळीतपणाचा प्रश्न येत नाही (नेमक्या सांगायच्या तर १६,३८४). अडचण अशी की ते चाक त्या चॅनलवरच्या सगळ्या सुरांना एकदम ओढतं. आणि माणूस 'ग' वरून 'रे' वर येताना वाटेत जिथे रेंगाळतो ते रेंगाळणं चाकावर शिकायला वर्षं जातात. मी दोन बोटं चाकावर ठेवून रोज भूप घासलाय, घरचे वैतागले होते.

यापेक्षा वाईट सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. १९९७ मध्ये आलेलं ऑटोट्यून भूकंप-लहरींचं काम करणाऱ्या माणसाने बनवलं, भारी डोकं आहे. पण त्याचा वेग जास्त ठेवलात तर ते मींडेचा जिना करतं. आज्जींच्या गाण्यावर ते लावायचा विचारही करू नका. त्यांचा कोमल गंधार तुमच्या पेटीपेक्षा खाली असेल तर तो तसाच आहे असं समजा.

काळी_दोन

मींड_बिंड, शेवटची ओळ मंडळात वाचून दाखवली. आज्जी म्हणाल्या, "त्या पोराला सांग, पेटीच चढीय."

बोलतं_पुस्तक

मी ऑडिओबुकांसाठी वाचते. मुलाखतीबद्दल दोन गोष्टी.

मराठीत भ, फ, घ, ध, ख जोरात येतात. 'फक्त', 'भाऊ', 'धपकन' म्हटलं की हवेचा झोत माईकवर आदळून धप्प होतं. माईक तोंडासमोर न ठेवता गालाच्या रेषेत, थोडा तिरका ठेवा. झोत बाजूने जातो, आवाज येतो. ८० हर्ट्झखालचं कापा, बाईच्या आवाजात तिथे काहीच नसतं.

आणि पंख्याचा आवाज घालवायला सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन वापराल तेव्हा अर्ध्यावर थांबा. फार ओढलंत की आधी 'स' जातो, मग 'चमचा' आणि 'जरा' यांतले दंततालव्य बोथट होतात, आणि आज्जी नळातून बोलल्यासारख्या वाटतात. थोडा पंखा चालतो. प्रेक्षक पंखा माफ करतो, न समजलेला शब्द करत नाही. ऑडिओबुकांची एक प्रचलित अट शांततेत उणे ६० डेसिबल अशी आहे. मुलाखतीला इतकं कडक राहायची गरज नाही.

खोलीची ती एक मिनिटाची शांतता जपून ठेवा. संकलनात दोन वाक्यांमध्ये जोड आला की तिथे तीच भरायची. कोरं मौन टाकलंत तर कानाला खड्डा जाणवतो.

वाटसरू_सांगली

कोर्सचं कुणी बोललंच नाही. मुलगा बारावीला आहे, यातच जायचं म्हणतो.

बूम_धरणारा

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रभातच्या जुन्या आवारात १९६० पासून ही संस्था आहे. ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे, तिथेही हा विषय आहे. दोन्हीकडे आधी पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असल्याची अट मी पाहत आलोय. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच. खासगी कोर्स पुष्कळ आहेत. पैसे भरण्याआधी एकच विचारा: विद्यार्थ्याच्या हातात माईक आठवड्यातून किती तास असतो? उत्तराऐवजी स्टुडिओचे फोटो दाखवले तर चहा पिऊन घरी या.

आणि मुलाला तोपर्यंत गावातल्या साउंड सर्व्हिसवाल्याबरोबर लग्नं, वराती, कीर्तनं करू द्या. केबल गुंडाळायला शिकला तरी निम्मं काम.

वाटसरू_सांगली

केबल गुंडाळायला तो घरात अजून चार्जरची वायर गुंडाळत नाही. बघतो. आभार.

काळी_दोन

मंडळी, रविवारी रेकॉर्डिंग झालं. माजघरातच केलं. बूमदादा सांगत होते तसंच बसवलं, टाळकरी बायका मागे बसायला कुरकुरल्या पण आज्जींनी एक नजर टाकली आणि विषय संपला. गजरावर लेव्हल धरली, उणे दहाच्या वर काही गेलं नाही.

ऐकायला फारच छान वाटतंय. शब्द न् शब्द कळतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर सगळ्यांच्या फोनवर पखवाज गायब! हेडफोनवर मात्र आहे. आणि माहितीपटासाठी आवाज किती मोठा करायचा?

पडद्यामागे

फोनचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली तो फारसं काही देत नाही, धामाचा मूळ नाद त्याच्या कितीतरी खाली आहे. तो मोठा करून उपयोग नाही, फोन तो वाजवणारच नाही. त्याऐवजी शाईच्या बाजूची टकटक, म्हणजे दोन ते चार हजारांच्या दरम्यान, किंचित उचला. कान वरची टकटक ऐकून खालचा नाद स्वतःच मनात भरतो. शिवाय पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून दाबला जातो तेव्हा पहिला बळी टाळाचा जातो, पाण्यात वाजल्यासारखा सळसळतो.

मोठेपणाचं असं. पूर्वी प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा मोठं करायला बघायचा. आता यूट्यूब, स्पॉटिफाय फार मोठं गाणं स्वतःच खाली ओढतात, पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) आसपास. युरोपातल्या टीव्हीची शिफारस उणे २३ ची. तुमचं भजन दाबून-दाबून उणे ८ ला नेलंत तर यूट्यूब ते खाली आणणार, आणि आलाप-गजर यांतला फरक तुम्ही विनाकारण घालवलेला असेल. रीपरमध्ये मोजण्याची सोय आहे. शिखर उणे १ च्या वर जाऊ देऊ नका. महोत्सवाला पाठवणार असाल तर त्यांचा कागद बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

गणिताचा_तास

आणि पार्श्वसंगीताला जुन्या तबकड्या वापरायच्या असतील तर: आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण कवी आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६०. तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं नाही. तुकारामांना हरकत नाही, चाल कुणाची ते बघा.

काळी_दोन

चाल आज्जींच्या सासूबाईंची. आज्जींना तोंडी विचारून, भाच्याने कागदावर त्यांची सहीही घेतलीय.

एक शेवटचा प्रश्न. पुढच्या रविवारी उरलेल्या चाली. पखवाजाला कणीक लावली की तासाभरात वाळते आणि आवाज बदलतो. पहिलं आणि शेवटचं भजन दोन वेगळ्या पखवाजांसारखं वाटतंय. हे मिक्सिंगमध्ये सुधारता येईल?

बूम_धरणारा

थोडंफार येईल, पण कशाला? दर दोन भजनांनंतर थांबा, कणकेवर पाण्याचा हात फिरवायला सांगा, पुन्हा एकदा गजर वाजवून लेव्हल बघा. पखवाजवाल्याला चहा त्याच वेळी द्या, एरवी तो मध्येच उठतो. आणि पहिल्या दिवशीच्या बैठकीचा वरून एक फोटो काढून ठेवला असेल तर त्यावरून सगळ्यांना त्याच जागी बसवा. माईकच्या खाली फरशीवर खडूने खूण करा.

काळी_दोन

फोटो नाही, पण सतरंजीवर टाळांच्या दोऱ्यांचे डाग जिथल्या तिथे आहेत. त्यावरून बसवते. रविवारी रात्री एक भजन इथे टाकेन.

हायफाय_वेडा

९६ ला केलंत ना?

गणिताचा_तास

झोपा आता.